अण्णासाहेबांना गुप्तहेर करायला हरकत काय?

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. संगीत नाटकं लिहिणाऱ्या अण्णासाहेबांना गुप्तहेर करून तू एक कादंबरी लिही, असं मी सुचवलं होतं. "अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हातात भिंग देणं म्हणजे पाप" हे वाक्य अधोरेखित करून पाठवलंस, वकिली जाते कुठे! फोनवर तुझ्याशी भांडायची सोय नाही, रंगात आलं की तुझा पक्षकार येतो. म्हणून सगळं कागदावर उतरवतो, निवांत वाच.

आधी खऱ्या लेखकांना गुप्तहेर करणाऱ्या त्या इंग्रजी पुस्तकांचं. नाटककार ऑस्कर वाइल्ड खुनाचा तपास करतो ही कल्पनाच तुला पटली नाही. पण तिचं मूळ बघ की. 30 ऑगस्ट 1889 ला लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एक जेवण झालं. 'लिपिंकॉट' मासिकाच्या स्टोडार्टनं वाइल्ड आणि कॉनन डॉयल या दोघांनाही बोलावलं होतं. त्या बैठकीतून डॉयलकडून शेरलॉक होम्सची दुसरी कादंबरी आली आणि वाइल्डकडून 'डोरियन ग्रे' ही कादंबरी. म्हणजे नाटकवाला आणि होम्सचा बाप खरोखरच एका टेबलावर जेवले होते. जाइल्स ब्रँडरेथनं 2007 पासून जी मालिका लिहिली ती याच फटीतून आत शिरते. गोष्ट सांगणारा रॉबर्ट शेरार्डसुद्धा कल्पनेतला नाही. तो वाइल्डचा खरा मित्र, पुढे त्याचं चरित्र लिहिणारा. होम्सच्या गोष्टी सांगणारा मित्र वॉटसन, तसा इथं आयताच मिळाला!

खरं सांगू? त्यातले खून कुणी केले ते मला आता नीट आठवतही नाही. लक्षात राहतो तो वाइल्ड. समोरच्याच्या बाहीवरून त्याची कुंडली मांडणाऱ्या या माणसाला 1895 साली स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचंय, दोन वर्षं सक्तमजुरी भोगायचीय आणि 1900 साली पॅरिसमध्ये मरायचंय. हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक विनोदाला वाचताना एक कळ येते. लेखकाला ती फुकट मिळालीय, इतिहासाकडून.

शेक्सपिअरला गुप्तहेर करणाऱ्या कादंबऱ्या मात्र मला फिक्या वाटतात. 1585 ते 1592 या काळात तो काय करत होता याची जवळजवळ नोंदच नाही, म्हणून जो तो तिथं आपली गुरं सोडतो. अडवायला काहीच नसलं की लेखक सैल पडतो. त्यापेक्षा बेन जॉन्सन घ्यावा. 1598 साली द्वंद्वात त्यानं गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला मारलं आणि लॅटिन वाचून दाखवून, पाद्र्यांना असलेली सवलत मिळवून फाशी चुकवली. तुझ्यासारख्या फौजदारी वकिलाला तो जास्त जवळचा.

आता मुद्द्यावर येतो. अण्णासाहेब 1843 चे, सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. त्याच साली तिकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. 'शाकुंतल' पुण्यात आलं 1880 मध्ये, 'सौभद्र' 1882 मध्ये, आणि 1885 च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब गेले. मला हवेत ते 'शाकुंतल'च्या आधीचे अण्णासाहेब. बेळगावात मास्तरकी करणारे, तिशीतले, नाटकाच्या नादापायी नातेवाइकांनी ओवाळून टाकलेले. त्यांना अजून कुणी देव केलेलं नाही. तू ज्यांच्यासाठी चपला बाहेर काढतोस ते अण्णासाहेब अजून व्हायचेत.

आणि जागा कुठली, तर आपलं शहापूर! तुझं बालपण इथं गेलं, पण हे कधी डोक्यात आलं का रे? बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानचं, 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत. 1956 च्या सीमेवर आपण रात्र रात्र बोलतो, पण ही जुनी सीमा आपल्या पायाखालून जात होती, तिची कुणाला आठवण नाही. आता विचार कर. बेळगावच्या पेठेत एका सराफाचा मुडदा सापडतो आणि ज्याच्यावर संशय तो पहाटेच चालत शहापुरात जाऊन बसलेला असतो. आज रिक्षावाला त्या अंतराला मीटर टाकत नाही. पण इंग्रजांच्या फौजदाराला तिथं जाऊन थेट हात घालता येत नाही, दरबाराशी पत्रव्यवहार करावा लागतो. शाळामास्तराला कोण अडवणार? तो सरळ ओट्यावर जाऊन बसतो, पान मागतो आणि बोलायला लागतो.

साल 1873 धर. का, ते तूच ओळखायला हवं होतंस. 1872 चा पुराव्याचा कायदा नुकताच आलाय, आणि त्याचं कलम 25, 2024 ला नवा कायदा आला तरी, तुला झोपेतही पाठ असेल. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. खाजगी माणसापुढं दिलेली चालू शकते. म्हणजे हौशी तपासनिसाला कायद्यानंच पाट मांडून ठेवलाय! इंग्रजी कादंबऱ्यांत हा हौशी माणूस सगळीकडे का लुडबुडतो याचं कारण ओढूनताणून आणावं लागतं. इथं फौजदारच गुपचूप घरी येऊन म्हणेल, "मास्तर, जरा बघा की."

नाटककार तपासात काय वेगळं करेल, हा तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या डोक्यात एक प्रसंग आहे. सराफाच्या दुकानातला गडी सांगतो, "दिवा मालवला, कडी लावली, पायरीवर बसलो, मग धाकल्या मालकांची हाक आली." जमादार तीनदा विचारतो, तिन्ही वेळा तीच वाक्यं, त्याच क्रमानं. जमादार खूश, साक्ष पक्की. कोपऱ्यात बसलेले अण्णासाहेब मात्र अस्वस्थ, कारण तालमी घेणाऱ्याच्या कानाला पाठांतर लगेच कळतं. खरं आठवणारा माणूस अडखळतो, मागं जातो, "नाही नाही, कडी आधी" म्हणतो. मग ते त्याच्याशी कानडीत बोलायला लागतात, सहज, पावसापाण्याचं, गावाकडचं. आणि बोलता बोलता तीच रात्र कानडीत विचारतात. गड्याची घरची भाषा कानडी. पाठांतर कुणीतरी मराठीत करून घेतलेलं. कानडीत त्याला ते चार शब्द सापडत नाहीत, जे खरं घडलं तेच तोंडातून येतं, आणि त्यात पायरी नाही की हाकही नाही.

हे लंडनमध्ये होणार नाही बाळ्या, आणि पुण्यातही नाही. कानडी मुलखात वाढलेला आणि पुढे कानडी चालींवर मराठी पदं बांधणारा माणूसच हे करू शकेल. त्यांना आमचे की तुमचे म्हणत ओढणाऱ्यांनाही त्यातून काय ते कळेल, वेगळं भाषण नको.

वॉटसन कोण? गोविंद बल्लाळ देवल. 1855 चे, म्हणजे तेव्हा सतरा-अठराचे, अण्णासाहेबांचे शिष्य. ज्यानं पुढे एका तसबिरीवरून चार माणसांना संशयानं वेडं करून सोडणारं 'संशयकल्लोळ' लिहिलं, तो पोरवयात प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर संशय घेतोय! मी कल्पनेनंच हसतो. आणि वाचकाला हेही ठाऊक असणार की गुरू बेचाळिसाव्या वर्षी जाणार, 'रामराज्यवियोग' अर्धंच राहणार आणि 'शारदा' लिहिणारा हा पोरगा मागं उरणार. वाइल्डची ती कळ इथंही आहे, फक्त आपल्या घरातली.

काही गोष्टी सांभाळ. बेळगावात रेल्वे आणू नकोस, अण्णासाहेब असेपर्यंत ती आलेली नव्हती. बैलगाडी, टांगा, नाहीतर पाय. बोटांचे ठसे विसर, त्यांची कचेरी कलकत्त्यात निघाली 1897 साली. नाटकातल्या पोरांना लुगडी नेसवून बायकांच्या माजघरात हेरगिरीला पाठवायचा मोह होईल, तो आवर. आणि अण्णासाहेबांना होम्स करू नकोस. माणूस गप्पिष्ट असू दे, तपास सोडून मध्येच एखादी चाल गुणगुणत बसू दे, शाळेला उशीर होऊ दे.

मी का लिहीत नाही विचारशील. मला कोर्ट कळत नाही, आणि तू संध्याकाळी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत बसून नुसता चहा पितोस. पहिलं प्रकरण गणपतीपर्यंत पाठव. शहापूरच्या जुन्या गल्ल्यांचं, सराफकट्ट्याचं मी इथल्या म्हाताऱ्यांना विचारून कळवतो, त्यातले दोघे तर विचारायच्या आधीच सांगायला लागतात. खुनी कोण ते तू ठरव. फक्त नाटकमंडळीचा मॅनेजर नको, बिचारा प्रत्येक गोष्टीत तोच सापडतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिऱ्या