सामायिक एसडीआर संच : बायस-टी बंद करूनच पुढच्याला द्या

सर्व सभासदांना सूचना. आपला एकच आरटीएल-एसडीआर संच (संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर-आधारित रेडिओ रिसीव्हर) दोन कामांना फिरतो: हायड्रोजन रेषेची (अवकाशातल्या हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींची) निरीक्षणं आणि आकाशवाणीवरच्या पक्षांच्या निवडणूक भाषणांचं ध्वनिमुद्रण (मान्यताप्राप्त पक्षांना ही मोफत वेळ १९७७ पासून मिळते).

हायड्रोजनसाठीच्या हॉर्न अँटेनावरच्या एलएनएला (क्षीण संकेत वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) बायस-टीतून, म्हणजे अँटेनाच्या केबलमधूनच डीसी वीज पुरवणाऱ्या सोयीतून, सुमारे ४.५ व्होल्ट जातात. ते चालू ठेवूनच आकाशवाणीच्या मध्यम लहरींसाठी लूप अँटेना जोडला की थेट शॉर्ट होतो, कारण डीसीला लूप म्हणजे नुसती तार. काम झालं की आधी बायस-टी बंद, मग केबल काढा.

मध्यम लहरींसाठी सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनरला वगळून संकेत थेट घेणं), क्यू शाखा निवडा. हे विसरलात तर नुसती खरखर ऐकू येईल. अँटेनाला दोष देऊ नका.

हायड्रोजनवाल्यांनी केंद्र वारंवारता १४२०.० मेगाहर्ट्झवर ठेवावं. बरोबर १४२०.४ वर ठेवलं तर मधला डीसी काटा (संचाच्याच दोषाने आलेखाच्या मध्यभागी दिसणारा खोटा टोकदार संकेत) नेमका रेषेवर बसतो आणि दरवेळी कुणीतरी तोच "शोध" लावतं. २.४ मेगाहर्ट्झ रुंदी आणि ५१२ बिन (त्या रुंदीचे समान कप्पे) घेतले की डॉप्लर सरकणीच्या हिशेबाने एक बिन हायड्रोजनच्या साधारण १ किमी/सेकंद वेगाइतका पडतो. रेकॉर्डिंगआधी अर्धा तास संच तापू द्या. मोबाइल हॉर्नपासून लांब, विमान मोडवर.