५५ लिटरच्या नावावर ३५ लिटरचा बॉक्स

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सबवूफर बॉक्सचं घनफळ चुकीचं छापून विक्री केल्याबद्दल, आणि बॉक्स परत घेऊन पैसे मिळण्याबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, बनवतो. जूनमध्ये तुमच्याकडून गाडीतल्या १२ इंची सबवूफरसाठी, म्हणजे खालचा बेस वाजवणाऱ्या स्पीकरसाठी, पोर्टेड (हवेसाठी पाइप, म्हणजे पोर्ट, असलेला) बॉक्स मागवला, ७,८०० रुपयांना. बिल आणि तुमच्या माणसाशी झालेले मेसेज सोबत जोडले आहेत. बॉक्सच्या स्टिकरवर '५५ लिटर, ट्यूनिंग ३६ हर्ट्झ, १८ मिमी एमडीएफ' असं छापलेलं आहे. ट्यूनिंग म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते तो आकडा, आणि एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी. यात जाडी तेवढी बरोबर आहे. बाकी काहीही खरं नाही.

आधी मापाचं सांगतो. बॉक्स बाहेरून ४८ बाय ३८ बाय ३० सेंटीमीटर भरतो. गुणाकार केला की ५४.७ लिटर येतात, म्हणजे तुमचे ५५ लिटर कुठून आले ते कळलं. पण सबवूफरला काम करायला आतली हवा लागते, फळ्यांची जाडी नव्हे. सगळ्या बाजूंनी १८ मिमी वजा केले की आत राहतात ४०.३ लिटर. त्यातून पोर्टचा पाइप सव्वादोन लिटर खातो, ड्रायव्हरचा, म्हणजे आत बसवलेल्या स्पीकरचा, मॅग्नेट आणि बास्केट (सांगाडा) पावणेतीन-तीन लिटर. शेवटी हातात उरतात जेमतेम ३५ लिटर. बिडाच्या कास्टिंगचा पॅटर्न करताना आम्ही शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर वाढीव धरतो, कारण धातू थंड होताना आकसतो. तेवढं चुकलं तरी पार्टी माल परत पाठवते. तुमच्या बॉक्समध्ये वीस लिटरची तफावत आहे.

ट्यूनिंगचं गणितही तिथंच कोसळतं. पोर्टचा आतला व्यास १० सेंटीमीटर, लांबी २५. हाच पाइप खरोखरच्या ५५ लिटरच्या पेटीत बसवला तर ३६ हर्ट्झ येतात. ३५ लिटरमध्ये ते ४५ वर जातात. मी नुसत्या हिशोबावर थांबलो नाही. मोबाइलवर टोन लावून एकेक हर्ट्झनं खाली आलो आणि कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, हलकं बोट टेकवून ठेवलं. ट्यूनिंगला कोन जवळजवळ थांबतो आणि सगळं काम पोर्टची हवा करते, हे तुम्हाला सांगायला नको. कोन थांबला तो ४५ च्या आसपास. ३६ ला तो चांगलाच हलत होता, आणि ३० ला तर मोकाट. ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा कोनला धरून ठेवत नाही, त्यामुळं असंच वाजवत राहिलो तर ड्रायव्हर फाटणार. सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) लावा, एवढी साधी सूचनासुद्धा तुमच्या माहितीपत्रकात नाही.

पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून फक्त तीन सेंटीमीटरवर आहे. निदान पाइपच्या व्यासाएवढी जागा तरी मोकळी सोडायला हवी होती. आवाज जरा वाढवला की पोर्टमधून फस्सफस्स ऐकू येतं, डिकी बंद असली तरी.

आणि एमडीएफ? ड्रायव्हर काढून कापलेल्या कडेला नखानं खरवडलं तर भुशाचे जाड कण सुटून हातात आले. हा पार्टिकल बोर्ड आहे. लाकूड ओळखण्यावर माझं पोट आहे, त्यात मी चुकणार नाही. कोल्हापूरचा पावसाळा तुम्ही पाहिला असेल-नसेल, पण जुलैत गाडीत ओल धरतेच. पंधरा दिवसांत खालच्या दोन स्क्रूंभोवती फळी फुगली आणि स्क्रू नुसते फिरायला लागले. तिथून हवा गळते.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की मी विचारून घेतलं होतं. ऑर्डरच्या आधी ड्रायव्हरचे आकडे पाठवले होते : एफएस (ड्रायव्हर स्वतः ज्या सुराला घुमतो तो) ३० हर्ट्झ, क्यूईएस ०.५५ आणि क्यूटीएस ०.५० (कोनचं हलणं किती आवरलं जातं त्याचे आकडे), व्हीएएस (कोनच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा) ६० लिटर. एफएसला क्यूईएसनं भागलं की ५५ च्या आत येतात. हा आकडा ५० च्या जवळपास असला की सील्ड (पोर्ट नसलेली, पूर्ण बंद) पेटी, १०० च्या जवळपास असला की पोर्टेड, असा ढोबळ ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे. या ड्रायव्हरला ३२ लिटरची सील्ड पेटी दिली असती तर क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.८५ आला असता, बेस आटोपशीर राहिला असता. शिवाय गाडीच्या बंद केबिनमध्ये अगदी खालचा बेस आपोआप उचलला जातो, त्यामुळं सील्ड पेटीत खालच्या सुरांना आवाज उतरतो तो बराचसा भरून निघतो. तुमच्या माणसानं आकडे न बघताच लिहिलं, "गाडीत बेस पाहिजे तर पोर्टेडच घ्या, सील्ड कोण घेत नाही." मी विश्वास ठेवला.

माझे वडील जोतिबाच्या चैत्र यात्रेत घुमकं, हलगीच्या साथीचं खोल आवाजाचं वाद्य, वाजवायचे. त्यांचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, त्यासाठीच हा सगळा खर्च केला. हलगीची कडकड पुढच्या दारातल्या स्पीकरमधून छान येते, पण घुमक्याचा एकेक ठोका वेगळा ऐकू यायला पाहिजे. तुमच्या बॉक्सवर तो एकाच सुरात घुमत राहतो, पुढचा ठोका पडला तरी मागचा संपत नाही. वडिलांचा हात त्यात ओळखूच येत नाही. फोनवर हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "गेन (ॲम्प्लिफायरची पातळी) कमी करा, कानाला सवय होईल." पेटी चुकीची असताना गेन कमी करून काय होणार?

माझी मागणी सरळ आहे. बॉक्स तुमच्या खर्चानं परत न्या आणि ७,८०० रुपये पूर्ण परत करा. बदली बॉक्स द्यायचाच असेल तर तो खऱ्या १८ मिमी एमडीएफचा, सील्ड, आणि ड्रायव्हरची जागा वजा करून ३२ लिटर भरणारा असावा. मी आतून मोजूनच घेईन. तसंच स्टिकरवर आणि जाहिरातीत आतलं निव्वळ घनफळ छापायला सुरुवात करा. बाहेरच्या मापाला लिटर म्हणणं बंद करा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी जिल्हा आयोगात तक्रार दाखल करेन. या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, त्यामुळं मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही. टेपसह काढलेले मापांचे फोटो आणि फुगलेल्या फळीचा व्हिडिओ तयार आहे.

बॉक्स वर्कशॉपमध्ये प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला आहे. गाडी पाठवण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, तो वार सोडून कधीही चालेल.

आपला ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर