वीसपट, पण कुणाच्या रक्तात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हळदीच्या कॅप्सूलवर लेख होता. त्यातल्या चौकटीत ठळक छापलं होतं की, मिरीचा अर्क घातला की हळद रक्तात वीसपट उतरते आणि हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत सिद्ध झालंय. मी मूळची सांगलीची, हळदीच्या वासात वाढलेली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत 23 वर्षं तंत्रज्ञ होते. त्यातली बरीचशी वर्षं पांढऱ्या उंदरांच्या रक्तातलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, मोजण्यात गेली. म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

हा वीसपटीचा आकडा बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या 1998 सालच्या अभ्यासातला. त्यात उंदरांमध्ये वाढ दिसली होती 154 टक्के, म्हणजे जेमतेम अडीचपट. 2000 टक्के वाढ दिसली ती माणसांत. आणि ती एवढी का दिसली? माणसांना 2 ग्रॅम नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते सापडलंच नाही, किंवा अगदी नावापुरतं सापडलं. जवळपास शून्याची वीसपट किती, हे चौथीतलं पोरही सांगेल. शिवाय मिरीतल्या पायपरिनने चढलेलं प्रमाणही पहिल्या तासाभरातलं होतं, दिवसभर टिकणारं नव्हतं.

उंदरांचा डोस तर कुणी सांगतच नाही. किलोमागे 2 ग्रॅम! उंदराचा डोस माणसाला लावायचं जे नेहमीचं सूत्र आहे, त्याने भागलं तरी 60 किलोच्या माणसाला 19 ग्रॅम कर्क्युमिन होतं. हळदीत ते साधारण 3 टक्के धरा, म्हणजे एका वेळी 600 ग्रॅमच्या वर हळद. दुधात आपण घालतो अर्धा चमचा.

आता मोजण्याबद्दल. अडीचशे ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त असतं सुमारे 16 मिली. त्यातून दर वेळी पाव मिलीच काढायचं, तेही भूल देऊन. ते हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, नळीत घेऊन बर्फात ठेवायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर पेजेच्या निवळीसारखा जो पिवळसर थर येतो, तो प्लाझ्मा. काढताना रक्तपेशी फुटल्या तर हा थर लालसर होतो आणि तो नमुना मी बाजूला काढायचे, कारण हिमोग्लोबिनही प्रकाश जवळजवळ त्याच पट्ट्यात शोषतं जिथे आपण कर्क्युमिन शोधतो, म्हणजे 425 नॅनोमीटरच्या आसपास. मग इथाइल ॲसिटेट या द्रावकाने त्यातलं कर्क्युमिन ओढून घ्यायचं, नायट्रोजनच्या झोतात सुकवायचं, पुन्हा विरघळवून एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, लावायचं. हे सगळं ट्यूबलाइटपासून जपून, नळ्यांना चंदेरी कागद गुंडाळून. नमुना किंचित अल्कधर्मी झाला की कर्क्युमिन अर्ध्या तासात बरंचसं मोडून जातं.

एकदा तर औषध न दिलेल्या, कोऱ्या उंदराच्या प्लाझ्माच्या आलेखात कर्क्युमिनचा उंचवटा उमटला. दोन दिवस आम्ही यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी निघालं काय, तर दाट द्रावण काढलेल्या पिपेटचं टोक मीच पुन्हा वापरलं होतं. हळद प्लॅस्टिकला कशी धरून बसते हे रोज डबे घासणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं! दोन दिवसांचे सगळे नमुने बाद झाले. मोजणारी माणसंच असतात, एवढंच.

खरी मेख पुढेच आहे. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात कर्क्युमिनला ग्लुकुरोनिक आम्ल चिकटतं आणि रक्तात बहुतेक तेच बांधलेलं रूप फिरतं. काही प्रयोगशाळा मोजण्याआधी प्लाझ्मात एक विकर (एन्झाइम) घालून हे जोड सोडवतात आणि मग जे येतं ते 'एकूण कर्क्युमिन' म्हणून लिहितात. त्यात लबाडी नाही, पद्धत मान्य आहे. पण तोच नमुना, तोच उंदीर, आणि आकडा कितीतरी पटीने मोठा. जाहिरातीत कोणता येतो, हे सांगायला हवं का?

तेव्हा विनंती अशी की, असा आकडा छापताना रक्त उंदराचं की माणसाचं, डोस किती आणि मोजलं ते मोकळं की एकूण, एवढ्या तीन गोष्टी त्याच चौकटीत द्याव्यात. दोन ओळींत बसतात.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. त्यांना बरीच वर्षं फिटसाठी फेनिटोइनची गोळी चालू आहे. मिरीतलं पायपरिन कर्क्युमिनला जी वाट मोकळी करून देतं, तीच इतर काही औषधांनाही करून देतं. फेनिटोइनचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं आणि त्या गोळीत थोडं जास्त आणि फार जास्त यांतलं अंतर अगदी कमी आहे. काका परवा नवी कोरी बाटली घेऊन आले. पायपरिनचं नाव मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा शोधावा लागला. आधी डॉक्टरांना ही दाखवा, तोवर उघडू नका, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. आपल्या पुरवणीतली ती चौकट त्यांनी कापून खिशात ठेवली होती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे