सुधाकर, तिला काय उत्तर देऊ?

नागपूर, १८ जानेवारी २०२६

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

प्रकृतीचे तू विचारशीलच, म्हणून आधी तेवढे उरकतो : माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी सर्व ठीक. आता ज्यासाठी पत्र घेऊन बसलो आहे ते लिहितो. इथे कुणाला सांगितले तर ते अर्धेच समजेल, आणि संघटनेतल्या आपल्या बापूंना सांगावे तर ते पुरते ऐकून घेण्याआधीच ठरावाचा मसुदा करायला बसतील.

विमा कंपन्यांत पूर्ण परकीय भांडवलाला वाट देणाऱ्या विमा कायद्यातील दुरुस्तीच्या विरोधात डिसेंबरमध्ये जेवणाच्या सुटीत आमची, म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या (एलआयसी) कर्मचारी संघटनेची, द्वारसभा झाली. घोषणा झाल्या, भाषणे झाली, आणि मी व मावशी फलक गुंडाळत असताना नव्या मुलांपैकी एक मुलगी जवळ आली. कोपराला हेल्मेट अडकवलेले, हातात आपलेच पत्रक, आणि ते तिने खरोखर वाचलेले होते, कारण मधल्या परिच्छेदाखाली पेनाने रेघ ओढलेली मला दिसली. तिने अगदी सरळपणे विचारले, "सर, हप्त्यावरचा जीएसटी गडकरी साहेबांच्या पत्रामुळे गेला, असे आमच्या घरी सगळे म्हणतात. मग या वेळीही त्यांना एक पत्र लिहायला सांगितले असते तर झाले नसते का? इथे उन्हात उभे राहून काय होते?" मी जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. तिने मान डोलावली, पण सुटी संपत आली होती आणि तिच्या काउंटरवर लोक ताटकळत होते, म्हणून ती गेली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तो प्रश्न म्हणजे तुझीच जुनी भीती आहे, म्हणून तुला लिहितो. २८ जुलै २०२४ चे ते पत्र वर्तमानपत्रांत आले तेव्हा मी तुला लगेच फोन केला होता. आपल्या शहराच्या खासदारांनी, ते स्वतः केंद्रीय मंत्री असताना, अर्थमंत्र्यांना लिहिले होते की आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लावणे म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर लावणे आहे. त्या पत्रात आपल्या नागपूर विभागाच्या कर्मचारी संघटनेच्या निवेदनाचा स्पष्ट उल्लेख होता. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वाहिन्यांवर ते पत्र होते आणि निवेदन मात्र एका ओळीपुरते उरले होते. तू तेव्हाच म्हणाला होतास की लोकांना सही लक्षात राहील, मसुदा राहणार नाही. ज्या सरकारने कर लावला त्याच सरकारमधल्या मंत्र्याच्या दारात आपण का जायचे, हा तुझा आधीपासूनचा आक्षेप होता, आणि खासदार हा त्याला मत न देणाऱ्या विमेदाराचाही खासदार असतो, हे माझे म्हणणे होते. त्या भांडणात आपण दोघांनी मिळून किती चहा संपवला याचा हिशेब टपरीवाल्याकडेच असेल. माझे म्हणणे आजही तेच आहे. पण तुझी भीती खोटी नव्हती, हे त्या मुलीच्या प्रश्नाने मला समोर उभे राहून दाखवले.

कारण ते पत्र एका सकाळी आकाशातून पडले नव्हते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून आपण हे बोलत होतो. मुदत विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) आणि आरोग्य विम्यावर पूर्ण १८ टक्के, एंडोमेंट म्हणजे मुदत संपल्यावरही रक्कम देणाऱ्या पॉलिसीला पहिल्या वर्षी साडेचार आणि पुढे सव्वादोन टक्के. म्हणजे दहा हजारांच्या हप्त्यावर एकाला अठराशे रुपये कर आणि दुसऱ्याला सव्वादोनशे. हे गणित आपण उमरेडच्या, भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या लोकांना त्यांच्याच पावत्या हातात घेऊन समजावले. गोंदियाच्या सभेत माइक बंद पडला तरी तू थांबला नाहीस, तुझे भाषण संपले तेव्हा गाडी निघून गेली होती, आणि स्टेशनच्या बाकावर बापूंनी तुला उद्देशून "आता उरलेला मुद्दाही मांडून टाका" असे म्हटल्यावर सगळे पोट धरून हसलो होतो. संसदेच्या आवारात विरोधी पक्षांच्या खासदारांनी ६ ऑगस्ट २०२४ ला याच मागणीचे फलक धरले, मग विषय जीएसटी परिषदेच्या मंत्रिगटाकडे गेला, डिसेंबरात परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत पुन्हा लांबणीवर पडला, आणि ३ सप्टेंबर २०२५ ला परिषदेने वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा करमुक्त केला. २२ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी, निर्णय लागू झाला. त्या आठवड्यात एक म्हातारे शेतकरी काउंटरवर जुनी आणि नवी अशा दोन पावत्या शेजारी ठेवून कराच्या रकान्यावर बोट फिरवत होते. त्यांचा फायदा फार मोठा नव्हता, परंतु त्यांना तो दिसत होता.

आणि मला वाटते, सगळी गोष्ट या दिसण्यात आहे. कर पावतीवर छापलेला होता, म्हणून तो प्रत्येक विमेदाराला बोचत होता, आणि म्हणूनच एखाद्या मंत्र्याला त्यावर पत्र लिहिता आले. करमाफीबरोबर विमा कंपन्यांची इनपुट टॅक्स क्रेडिटची सवलत गेली आणि त्यामुळे एजंटांच्या कमिशनपासून कार्यालयाच्या भाड्यापर्यंतच्या खर्चावरचा कर आता कंपनीला परत मिळत नाही, हे मात्र कोणत्याही पावतीवर छापलेले नाही आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही. विमा कंपन्यांतील परकीय भांडवलाच्या मर्यादेचे तर त्याहून अवघड आहे. २००० च्या सुमारास २६ टक्के, २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४, आणि आता डिसेंबरात दोन्ही सभागृहांत एका दिवसाच्या अंतराने विधेयक संमत होऊन पूर्ण १०० टक्के. देशाच्या घरगुती बचतीचा केवढा तरी मोठा भाग कुणाच्या हाती जाणार, हा एवढा मोठा निर्णय. पण त्या दिवशी आमच्या काउंटरवर एकाही माणसाने त्याचा विषय काढला नाही. हे सरकारचे धोरणच असल्यामुळे त्याविरुद्ध त्याच सरकारमधला कुणी पत्र लिहिणार नाही, हे त्या मुलीला एका वाक्यात सांगता येईल. परंतु मग आपण काय करतो आहोत, हे एका वाक्यात सांगता येत नाही.

विमा खासगी कंपन्यांना खुला करा असे सांगणारा मल्होत्रा समितीचा अहवाल १९९४ मध्ये आला तेव्हा त्याविरुद्ध देशभरातून दीड कोटीहून अधिक सह्या गोळा झाल्या होत्या, हे मी नव्या मुलांना सांगतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळते की त्यांना ते ऑनलाइन याचिकेसारखे काहीतरी वाटते आहे. प्रत्येक सहीमागे एक ओसरी होती, एक तांब्या पाणी होते, आणि "पण पैसा बुडणार तर नाही ना?" हा प्रश्न होता, ज्याला आपण महामंडळ कायद्याचे कलम ३७ आणि केंद्र सरकारची हमी समजावून उत्तर देत होतो. त्या सह्यांनी खासगीकरण कायमचे थांबले नाही, हे खरे आहे. पण ते जसे आणि जेव्हा यायचे होते तसे आणि तेव्हा आले नाही. खासगी कंपन्यांना वाट देणारा १९९९ चा कायदा व्हायला पाच वर्षे गेली आणि तेव्हाही परकीय वाटा २६ टक्क्यांवर अडला. २०२२ मध्ये महामंडळाची शेअर बाजारात नोंदणी झाली तेव्हा सरकारने साडेतीन टक्केच हिस्सा विकला. यातले श्रेय कुणाचे किती, यावर तू आणि मी आयुष्यभर वाद घालू, पण संघटना नसती तर हा वेग वेगळा असता, एवढे तू मान्य करशील.

माझी खरी काळजी पुढची आहे. २१ नोव्हेंबरपासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. संपाला चौदा दिवसांची नोटीस, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप, आणि वाटाघाटीचा एकमेव अधिकार ज्या संघटनेकडे ५१ टक्के सभासद तिचा. म्हणजे आता सभासदांची यादी हीच आपली ताकद मोजण्याचे माप होणार. आपल्या पिढीची माणसे दर महिन्याला निवृत्तीचा हार घेऊन घरी जात आहेत. २०१९ च्या भरतीत आलेली मुले चांगली आहेत, हुशार आहेत, वर्गणी वेळेवर देतात. पण संघटना म्हणजे वरून आलेला संदेश पुढे पाठवणे, असे त्यांतल्या अनेकांना वाटू लागले आहे, आणि जीएसटीच्या विजयाने ते घट्ट होते आहे. आपण जिंकलेली गोष्टच आपल्या हातातून असा उलटा धडा देत जाईल, हे मला सोसवत नाही.

उद्या १९ जानेवारी. याच दिवशी १९५६ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, त्याला उद्या सत्तर वर्षे होतील. (त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, हे तू प्रत्येक भाषणात सांगायचास आणि टाळ्या घ्यायचास.) २४५ खासगी विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले, ते त्या संस्थांच्या गैरव्यवहारांत लोकांचे पैसे बुडत होते म्हणून. उद्याच्या सभेत मी एवढे नक्की सांगणार आहे, आणि बोलून झाल्यावर त्या मुलीला पाच मिनिटे बोलायला सांगणार आहे. तिच्या प्रश्नासकट. बापू नाराज होतील, होऊ देत.

तुझ्या घरचे विचारायचे राहूनच जात होते. चिरंजीवांच्या नव्या नोकरीचे ऐकून आनंद झाला, लग्नाचे ठरले की तारीख आधी मला कळव, नंतर व्याह्यांना. पुण्याच्या हवेत वहिनींचा दमा कमी झाला का? घराचा ताबा मिळाला असेल तर पत्ता पाठव.

आणि एक काम आहे, त्याला नाही म्हणू नकोस. फेब्रुवारीत शाखाशाखांतून विमेदारांच्या छोट्या सभा घ्यायच्या ठरल्या आहेत, आणि या वेळी प्रत्येक सभेला एक जुना व दोन नवे असे जायचे, असा माझा आग्रह आहे. गोंदियाला तू यावेस. येताना तुझ्याकडची ती जुनी फाइल घेऊन ये, ज्यात १९९४ ची पत्रके आणि सह्यांचे कोरे नमुने आहेत. मुलांना छायाचित्रे नकोत, मूळ कागद हवा. मुक्काम आमच्याकडे. परतीची गाडी सायंकाळची काढतो आहे, तेव्हा भाषण त्या बेताने कर.

तुझा,
मनोहर