बोंडअळीची गोष्ट

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या गावात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर मीटिंग झाली, प्रोजेक्टर लावला, स्लाइडवर स्लाइड, टक्केवारी, ग्राफ, आणि अर्धे लोक मोबाइल पाहून रायले होते. शेवटी एक म्हातारे कृषी सहायक उठले, खिशातून वाळलेलं बोंड काढलं, सगळ्यांसमोर फोडलं अन म्हणाले, "पाहा, ही बाई भाडं न देता झोपून आहे, तुम्ही फरदड ठेवता, हंगाम संपला तरी कपाशीची पऱ्हाटी उभी ठेवता, म्हणजे तिला जेवणाचा डबा लावून देता." सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या शेजाऱ्यानं पऱ्हाटी उपटायला काढली ना बाप्पा!

आपल्या भागाला असं गोष्टीतून सांगणं नवीन नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे अन रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर समोरून यायचं म्हणून ते डोक्यात बसायचं. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच केलं. तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की वडसाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात, थंडीत घोंगडी घेऊन लोक तिकीट काढून बसतात, दारू-हुंडा सगळं त्यात येतं अन कोणी उठून जात नाही. आता तेच काम रील करून रायली, चांगल्यासाठीही अन बोगस बियाणं खपवायलाही, कारण विकणाऱ्याला गोष्ट बरोबर सांगता येते.

म्हणून विनंती, तुमच्या शेतीच्या पानावर नुसतं "फवारणी करावी" छापू नका, ज्यानं केली त्याला बोलतं करा, चुकला तो तर आधी.

– एक कापूसवाला वाचक, जि. यवतमाळ