सही न केल्याबद्दल आभार

प्रिय मॅडम,

वयानं तू माझ्या मुलीएवढी. पण तू माझी विमान शिकवणारी प्रशिक्षक; विमानात मी तुला मॅडम म्हणत आलो आणि तू मला काका, तेव्हा पत्रातही तेच चालू दे. नाव घालू नका असं तू बजावलं आहेस, म्हणून घालत नाही.

एअरलाइनसाठी लागणारे तुझे उड्डाणाचे १५०० तास पूर्ण झाले, बोलावणं आलं आणि आता तू रीड-हिलव्ह्यू, आपला सॅन होजेतला छोटा विमानतळ, सोडणार हे कळलं. आनंद झाला, आणि आता आपलं कसं होणार असंही वाटलं. चारचौघांत लिहितोय ते मुद्दामच. हौसेनं पायलटचं लायसन्स काढायचं आणि मग नोकरी, मुलं, घराचे हप्ते यांत उडणं सोडून द्यायचं, असे इथे बे एरियात आपल्यातले बरेच आहेत. मीही त्यातलाच.

अमेरिकेत पायलटचं सर्टिफिकेट कालबाह्य होत नाही. पाकिटात कार्ड असतं आणि माणूस स्वतःला पायलट समजत राहतो. अट एवढीच, की गेल्या २४ महिन्यांत प्रशिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू झालेला हवा: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. मेडिकलचा प्रश्न बेसिकमेडनं, म्हणजे हौशी पायलटांसाठीच्या सोप्या वैद्यकीय तपासणीच्या सोयीनं, सोडवलाच होता. म्हटलं, सकाळी आटपून दुपारी जेवायला घरी.

त्या सकाळी हात बरे चालले, पाय मात्र पार झोपलेले निघाले. पूर्ण पॉवर दिली की आपलं छोटं विमान, सेसना १७२, डावीकडे ओढतं, त्याला उजव्या रडरनं, म्हणजे उजव्या पायातल्या पेडलनं, धरावं लागतं, हे मला तोंडपाठ होतं; पायाला ठाऊक नव्हतं. "काका, उजवा पाय!" तू किती वेळा म्हणालीस, ते कंट्रोल टॉवरलाही पाठ झालं असेल. स्टॉलमध्ये, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल संपते तेव्हा, डावा पंख खाली गेला, तसा माझा हात सावरायला आपसूक उजवीकडे वळला. नेमकं तेच करायचं नसतं. नाक खाली, आणि पंख सावरायचा तो पायानं.

तास भरला. नियमाप्रमाणे तू सही करू शकली असतीस. तू लॉगबुकात प्रशिक्षणाचा तास लिहिलास आणि रिव्ह्यूची ओळ कोरी ठेवून वही परत दिलीस. "एक तास ही कमीत कमीची अट आहे, काका." फ्लाइट रिव्ह्यूत नापास हा शेराच नसतो, त्यामुळे लागायचं तसं काही नव्हतं. तरी लागलं. आज त्याच कोऱ्या ओळीबद्दल आभार मानतोय.

एक मित्र म्हणाला, "तिला तासाचे पैसे मिळतात ना!" मिळतात. पण तू मला पार्किंगमध्ये, इंजिन बंद असलेल्या विमानात बसवून डोळे मिटायला लावलेस आणि फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा खटका), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा) चाचपून शोधायला लावलंस, त्याचा एक डॉलरही घेतला नाहीस. कुंपणाबाहेर गाडीत बसून हँडहेल्ड रेडिओवर टॉवर ऐका, ही युक्तीही तुझीच. कागदी नकाशे जाऊन आयपॅड आला, २०२० पासून सॅन होजेसारख्या मोठ्या विमानतळांच्या हद्दीत एडीएस-बी, म्हणजे विमानाचा ठावठिकाणा आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं झालं, आपल्या विमानतळावर २०२२ पासून शिशाचं पेट्रोल मिळत नाही, हे सगळं मी घरी वाचून घेतलं असतं. कान तयार व्हायला मात्र ती गाडीच लागली.

सॅन मार्टिनच्या छोट्या विमानतळावर तू मला लँडिंगपेक्षा गो-अराउंडच, म्हणजे उतरता उतरता बेत सोडून परत वर जाणंच, जास्त करायला लावलेस. तिथे टॉवर नाही, कुणी सांगणार नाही. ठरवायचं ते आपणच. आपलं विमान जुनं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा) ४० अंशांपर्यंत उतरणारं. एवढे फ्लॅप खाली असताना पूर्ण पॉवर देऊनही ते वर चढायला कुरकुरतं, म्हणून कार्ब हीट बंद करून फ्लॅप लगेच २० वर घ्यायचे आणि नाक घाईनं उचलायचं नाही. माझ्या डोक्यात गो-अराउंड म्हणजे फजिती, असं जुनं खूळ होतं. तू ते कधी बोलून काढलं नाहीस. नुसतं "छान, परत" म्हणायचीस.

आणि गिलरॉयजवळच्या शेतांवर तू गप्पा मारता मारता थ्रॉटल मागे ओढून पॉवर काढलीस. "इंजिन गेलं. बोला काका." मी बोलायला लागलो, तर म्हणालीस, "आधी ६५ नॉट, बोलणं नंतर." इंजिनाविना तरंगत जायचा तो वेग धरला, उतरायला शेत निवडलं, मग हात कार्ब हीटकडे गेला, न बघता.

सही त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाली. तुझी काकू आता शेजारच्या सीटवर बसून हाफ मून बेला मासे खायला येते, पण दिवसाच. अंधारात तिला न्यायचं तर आधी रात्रीची तीन टेकऑफ आणि तीन पूर्ण थांबून केलेली लँडिंग हवीत, आणि ती मला दुसऱ्या कुणाबरोबर करायची नाहीत. तुझं ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीचा एखादा शनिवार मोकळा असेल तर कळव. विमान मी बुक करतो, जेवण काकूकडे.

तुझा,
काका