झाडाच्या कामाला लोडर घेताय? आधी गेट मोजा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वळवाचा पहिला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात गाडीवर पडलेल्या झाडाचा फोटो ठरलेला, आणि त्या फोटोत मागे कुठेतरी पिवळा जेसीबी उभा असतोच. झाड का पडलं यावर दोन-चार दिवस चर्चा होते, ती व्हायलाच पाहिजे, पण ते उचलायला जे मशीन येतं त्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी पुण्यात सोसायट्यांच्या नि बंगल्यांच्या बागांची कामं घेतो, लॉन टाकणं, माती भरणं, छाटणी, पडलेलं झाड बाहेर काढणं वगैरे सगळं. आमच्या लाइनमधली नवीन पोरं हल्ली फोन करून विचारतात की दादा छोटा लोडर घ्यायचाय, कुठल्या कंपनीचा घेऊ, किती एचपीचा घेऊ. मी म्हणतो कंपनी आणि एचपी राहू दे, तू ज्या गेटांमधून आत जाणार आहेस ती मोजून आलास का?

जेसीबीला नावं ठेवायची नाहीयेत मला. रस्त्यावर आडवा झालेला वड बाजूला सारायचा, वाहतूक मोकळी करायची तर त्याच्यासारखं मशीन नाही. पण जेसीबी म्हणजे बॅकहो लोडर (पुढे बकेट, मागे खोदायचा हात), सात टनांच्या वर वजन आणि दोन मीटरपेक्षा जास्त रुंदी, तो सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर घालायचा तर आधी वॉचमनने दहा फ्लॅटच्या बेल वाजवून गाड्या काढायला लावायच्या. बागेत तर त्याने जाऊच नये. पुढची बकेट माती-खडीसाठी बनवलेली, ओंडका तिच्यात बसत नाही, लोळतो, मग हेल्पर बाजूने हाताने धरून चालतात. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे त्याच बकेटमधे दोन माणसं उभी करून हातात चेनसॉ देऊन फांद्या कापायला वर पाठवतात. हे आपल्याकडे भर रस्त्यात बिनधास्त चालतं, लोक व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतात! अहो बकेट ही माणूस उचलायची जागा नाही, तिथे ना कठडा ना बेल्ट बांधायची सोय, ऑपरेटरचा हात लिव्हरला जरा जास्त लागला की खेळ खलास.

आता वजनाचं बघू, कारण मशीन घेताना गणित तिथेच चुकतं. ओलं लाकूड म्हणजे अर्धं पाणीच, घनमीटरला ८०० ते १००० किलो धरून चालायचं. २ फूट जाडीचा आणि ६ फूट लांबीचा ओंडका साधारण अर्धा घनमीटर होतो, म्हणजे ४०० ते ५०० किलो. तेवढ्याच लांबीचा पण ३ फूट जाडीचा घेतला तर सरळ टनाच्या घरात, कारण जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोन पट होतं. रेन ट्रीचे बुंधे पुण्या-मुंबईत याहून जाड आहेत, मग लोक घाबरून मोठं मशीन बुक करतात. पण ओंडका कापून लहान करता येतो, गेट कापून मोठं करता येत नाही. रोजच्या कामात ज्या साइजचे तुकडे पडतात त्याला पुरेल एवढंच मशीन घ्या, वर्षातून दोनदा येणाऱ्या महावृक्षासाठी क्रेन भाड्याने मिळते.

ब्रोशरवर रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी म्हणून एक आकडा असतो, तो नीट समजून घ्या. टायरवाल्या स्किड स्टिअरला (घसरत वळणारा छोटा लोडर, ज्याला सगळे सरसकट बॉबकॅट म्हणतात) हा आकडा टिपिंग लोडच्या ५० टक्के धरतात आणि रबर ट्रॅकवाल्याला (चाकांऐवजी रणगाड्यासारखा रबरी पट्टा असतो त्याला) ३५ टक्के. टिपिंग लोड म्हणजे जेवढ्या वजनाला मशीनचा मागचा भाग उचलला जायला लागतो तेवढं वजन. म्हणजे दोन्हींच्या ब्रोशरवर ७०० किलोच लिहिलं असेल तर टायरवाला १४०० ला कलंडणार आणि ट्रॅकवाला २००० ला, आकडा एकच पण मशीन वेगळी. शिवाय हा आकडा बकेट लावून काढलेला असतो, ग्रॅपल (ओंडका पकडायचा लोखंडी पंजा) तिच्यापेक्षा जड असेल तर ते जादा वजन यातून वजा करा, आणि ओंडका पुढे लांब धरलात तर आणखी वजा करा. मधे वाकणारे लोडर असतात त्यांचा टिपिंग लोड सरळ उभं असताना एक आणि पूर्ण वळलेलं असताना दुसरा, बराच कमी, तेव्हा वळलेल्याचा आकडा मागा. काही डीलर टिपिंग लोडलाच 'लिफ्टिंग कपॅसिटी' म्हणून ठोकून देतात, तिथे जरा जपून.

वळण्यावरून आठवलं, बागकामात मशीन वळतं कसं हा खरा प्रश्न आहे, उचलतं किती हा नंतरचा. स्किड स्टिअरची चाकं वळतच नाहीत, एका बाजूची चाकं थांबतात किंवा उलटी फिरतात आणि मशीन जागच्या जागी घसरत वळतं. काँक्रिटवर मजा येते बघायला, पण लॉनवर एक वळण घेतलं की गवत मुळासकट चटईसारखं गुंडाळलं जातं आणि पेव्हर ब्लॉक सरकतात. ट्रॅकवाल्याचंही तसंच, त्याचा जमिनीवर दाब कमी असतो, साधारण ४-५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणून चिखलात रुतत नाही, पण जागेवर गर्रकन फिरवला तर तोही लॉन फाडतो, त्याला पुढे-मागे करत हळूहळूच वळवायचा. मधे वाकणारा लोडर, म्हणजे ज्याचं धड कमरेत मोडतं, तो चाकं घासत नाही, मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून जातं, म्हणून तयार बागेत काम असेल तर माझं मत त्याला. फिनलंडची अवांत कंपनी असले लोडर बनवते आणि युरोपात झाडवाले ते भरपूर वापरतात. आपल्याकडे असं मशीन घ्यायच्या आधी पार्ट कुठून येणार हे विचारून घ्या, नाहीतर एका सीलसाठी पंधरा दिवस मशीन झाकून ठेवायची वेळ येते.

आणखी एक प्रकार म्हणजे ऑपरेटरने मागे फळीवर उभं राहून चालवायचा मिनी लोडर. रुंदी सुमारे ३ फूट, बंगल्याच्या बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात जातो, उचलतो मॉडेलप्रमाणे दोनशे ते साडेचारशे किलो. ऑपरेटरला सगळीकडचं दिसतं, पटकन खाली उतरता येतं, पण डोक्यावर पिंजरा नसतो, म्हणून झाडावर कटिंग चालू असताना हा खाली फिरवायचाच नाही.

गंमत म्हणजे स्किड स्टिअरचा जन्मच अडचणीच्या जागेतला. १९५७ मधे अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉथसे गावात केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी तीन चाकी लोडर बनवून दिला. त्याची शेड दुमजली, आत खांबच खांब, आणि वरच्या मजल्यावर जड मशीन चढवलं तर मजलाच खाली यायची भीती. म्हणजे आपल्या सोसायट्यांचाच प्रॉब्लेम की हो. आज पुण्यात नव्या स्कीममधल्या बागा जमिनीवर नसतातच, खाली पार्किंग आणि वर पोडियमवर दीड-दोन फूट मातीत लॉन, झाडं, कारंजं. शिवाय पाण्याची टाकी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) कुठल्या स्लॅबखाली आहे हे कमिटीतल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. तिथे अडीच-तीन टनांचं स्किड स्टिअर आत घ्यायचं, वर ओंडक्याचं वजन, आणि उचललं की सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तो स्लॅब किती घेतो हे लेखी घेतल्याशिवाय मी तरी मशीन आत नेत नाही. फायर ब्रिगेडची गाडी जाते ना, मग तुमचं काय, असं चेअरमन म्हणतात. गाडी जाते तो ड्राइव्हवेचा भाग वेगळा डिझाइन केलेला असतो आणि लॉनचा वेगळा, साहेब.

मुळांचं तर कोणी बघतच नाही. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. ओल्या काळ्या मातीवरून जड मशीन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच माती दाबून टाकतं, मग हवा नाही, पाणी मुरत नाही, झाड लगेच मरत नाही, पण तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि मग सगळे म्हणतात कीड लागली. एक पडलेलं झाड काढायला गेलो आणि शेजारची दोन उभी झाडं कमजोर करून आलो, असा हा प्रकार. उपाय महाग नाही, जायची-यायची एकच वाट ठरवायची, तिच्यावर चिपरमधून (फांद्यांचे तुकडे करणाऱ्या मशीनमधून) निघालेल्या ढलप्यांचा सहा-आठ इंचाचा थर द्यायचा किंवा जाड प्लायवुड टाकायचं. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१३ मधे झाडाभोवती एक मीटर काँक्रिट नको म्हणून सांगितलं, आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलंय, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना हेरिटेज म्हटलं. एवढं सगळं कागदावर असताना त्याच झाडाच्या बुंध्याला टेकून मशीन पार्क केलेलं असतं.

अटॅचमेंटचं थोडक्यात. झाडाच्या कामाला बकेटपेक्षा ग्रॅपल आधी घ्या, फांद्यांचा पसारा एका चिमटीत उचलला की चार हेल्परचं काम होतं. दुसरा नंबर पॅलेट फोर्कचा (पुढे दोन आडवे लोखंडी दात), कुंड्या, लॉनचे रोल, खताच्या गोण्या सगळं त्यावर जातं. स्टंप ग्राइंडर (खुंट किसून काढणारं) किंवा मल्चर (झुडपांचा भुगा करणारं) चालवायचं असेल तर हायड्रॉलिक ऑइलचा फ्लो मिनिटाला किती लिटर हे बघायलाच लागतं, नुसत्या ग्रॅपलसाठी हाय फ्लोचे जादा पैसे देऊ नका. पुढची जोडणीची प्लेट स्टँडर्ड आहे का ते बघा, म्हणजे दुसऱ्या कंपनीची अटॅचमेंटही बसते. आणि टेम्पोचा फाळका जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून घ्या, नाहीतर पाच लाख जास्त घालून आणलेलं मशीन ओंडका फाळक्याला टेकवून उभं राहतं.

टायर की ट्रॅक यावर लोक तासन् तास भांडतात. आपल्याकडे मुरूम आणि दगड, त्याच्यावर रबर ट्रॅक घासून जातो, कापलेल्या झुडपांचे टोकदार खुंट त्याला चिरतात, आणि नवीन जोडीची किंमत ऐकून घाम फुटतो. टायरला बाभळीचा काटा आहेच, त्यावर फोम भरलेले टायर घ्यायचे. टायरवाल्याला आरटीओ नंबर काढून घ्या, ट्रॅकवाला डांबरी रस्त्यावर चालवायचाच नाही, म्हणजे ट्रेलर आला. कोकणात लाल चिखलात काम असेल तर ट्रॅक, पुण्यात सोसायट्या असतील तर टायर, माझं तरी असंच आहे. बजेट अगदीच नसेल तर द्राक्षबागेत चालतात तसला मिनी ट्रॅक्टर पुढे लोडर बसवून घ्या, उचलतो कमी, पुढचा ॲक्सल नाजूक, मागे वजन बांधावं लागतं, पण कुठल्याही गावात रिपेअर होतो आणि उरलेल्या दिवशी ट्रॉली ओढतो.

महापालिका आणि सोसायट्यांना एकच विनंती, पडलेलं झाड उचलायच्या टेंडरमधे मशीनचं नाव लिहू नका. जास्तीत जास्त रुंदी, एकूण वजन, ग्रॅपल पाहिजे आणि बकेटमधे माणूस चढवला तर बिल कट, एवढं लिहा. तासाचा रेट तर बंदच करा, कारण तासावर मशीन आलं की कमिटी घड्याळ बघत "आटपा, आटपा" करत राहते आणि त्या घाईत ऑपरेटर लॉनवरून शॉर्टकट मारतो, कामावर रेट ठरला की तोच माणूस प्लायवुड टाकून जातो.

आणि ज्या पोरांना मशीन घ्यायचंच आहे त्यांनी डीलरच्या मोकळ्या आवारात वाळूच्या ढिगावरचा डेमो बघून ॲडव्हान्स देऊ नये. मशीन आपल्या साइटवर मागवा, आपल्या गेटमधून आत घ्यायला लावा, ओला ओंडका उचलून टेम्पोत ठेवायला लावा, लॉनच्या एका कोपऱ्यात पूर्ण वळण घ्यायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून झाल्यावर तो कोपरा परत बघा, मग चेकबुक काढा.

आपला,
एक बाग कंत्राटदार, पुणे